आवाज कमी, पिकअप तेवढाच: मोटारसायकलचा सायलेन्सर कसा निवडावा

मोठा आवाज म्हणजे जास्त ताकद, ही समजूत जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत अजून पक्की आहे. सायलेन्सरची पुंगळी काढली, गाडी धडधडली की मालक आणि मिस्त्री दोघांनाही वाटतं, गाडी मोकळी झाली. प्रत्यक्षात गाडीची ओढ बरीचशी सायलेन्सरच्या आधीच ठरलेली असते. इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाइपची लांबी किती, व्यास किती, पेट्रोल-हवेचं प्रमाण काय, एअर फिल्टर किती स्वच्छ, यावर ती ठरते. म्हणून आवाज उतरवूनही पिकअप शाबूत राखता येतो. कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, एवढं कळलं पाहिजे.

खान्देशात ही गरज जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात आपल्याकडे अर्धं गाव धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, नाहीतर अंगणात बाज टाकून झोपतं. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची, त्यामुळे मोटार चालू करायला माणूस रात्री एक-दोन वाजता गाडी काढतो. त्याला पर्याय नाही, पण गल्लीतल्या तान्ह्या बाळाला आणि दम्याच्या म्हाताऱ्यालाही पर्याय नाही. नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. फुटक्या सायलेन्सरची एक बुलेट गल्लीतून गेली की ही मर्यादा कितीतरी मागे पडते. कापसाच्या बैलगाडीजवळून अशी गाडी गेली तर बैल बुजतात, हेही इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आधी मोजा, मग पाने हातात घ्या

काहीही बदलण्याआधी आजचा आवाज आणि आजची ओढ दोन्ही लिहून ठेवा. नाहीतर नंतर "कमी वाटतोय" आणि "जड वाटतेय" यापलीकडे हातात काही राहत नाही.

आवाजासाठी फोनवरचं डेसिबल ॲप चालेल. त्याचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण तोच फोन, तीच जागा, तेच अंतर ठेवलं तर आधी-नंतरचा फरक नीट कळतो. मोकळ्या जागेत, भिंतीपासून दूर, गाडी उभी करा. फोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, तोंडाच्याच उंचीला आणि बाजूला ४५ अंशांच्या कोनात धरा. थेट धुराच्या झोतात धरू नका. कंपनीच्या पत्रकात जास्तीत जास्त पॉवर ज्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) दिलेली असते, त्याच्या निम्म्या आरपीएमवर इंजिन स्थिर ठेवा आणि मग थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची मूठ) सोडा. त्यातला सर्वांत मोठा आकडा टिपा. उभ्या गाडीची अधिकृत चाचणीही साधारण अशीच असते. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ला कमाल पॉवर ६१०० आरपीएमला मिळते, म्हणजे तिथे सुमारे ३०५० धरायचे.

स्प्लेंडरसारख्या गाडीला आरपीएमचा काटाच नसेल तर मित्राला फोन घेऊन रस्त्याच्या कडेला, गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर उभं करा. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये एकाच वेगाने दोन-तीनदा त्याच्यासमोरून जा.

कंपनीला गाडी तयार करताना जी मर्यादा पाळावी लागते ती ८० सीसीपर्यंत ७५, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल. हे आकडे साडेसात मीटरवरून जाणाऱ्या गाडीचे आहेत. अर्ध्या मीटरवरचा तुमचा आकडा यापेक्षा खूप मोठा येणारच. त्याला घाबरू नका आणि दोन्हींची तुलनाही करू नका.

फरक वाचताना एवढं ध्यानात ठेवा: ३ डेसिबल उतरले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. पाच-सहा उतरले तरी शेजाऱ्याला फरक जाणवतो.

ओढ मोजायला मोकळा, सरळ, कमी रहदारीचा रस्ता पाहा. केळीच्या ट्रकांची ये-जा असलेला महामार्ग यासाठी नको. वरच्या गिअरमध्ये ४० वर स्थिर चालवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि ७० ला पोचायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्याला फोनवर मोजू द्या. वाऱ्याचा परिणाम जाण्यासाठी दोन्ही दिशांनी चाचणी घ्या आणि सरासरी काढा. नंतरच्या चाचणीलाही मागे तोच माणूस बसवा.

इथे आपल्या हवेचा एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश, या दोन वेळच्या हवेच्या घनतेत सुमारे ११ टक्क्यांचा फरक पडतो. तितकाच प्राणवायू इंजिनात कमी जातो आणि ताकदही जवळपास तेवढीच उतरते. चांगल्या आणि बऱ्या सायलेन्सरमधला फरक याच्या तुलनेत किरकोळ असतो. हिवाळ्यात घेतलेला जुना आकडा आणि वैशाखातला नवा आकडा शेजारी ठेवून "नव्या सायलेन्सरने गाडी मारली" म्हणणं चूक आहे. दोन्ही चाचण्या एकाच आठवड्यात, एकाच वेळी, शक्यतो सकाळी घ्या.

आवाज खरंच सायलेन्सरचा आहे का?

माझ्या मते आवाजाच्या निम्म्या तक्रारींत नवीन सायलेन्सर लागतच नाही. इंजिनच्या हेडला बेंड पाइप जिथे बसतो तिथलं गॅस्केट (जोडातली फट बंद करणारी रिंग) दबलेलं किंवा जळलेलं असतं. तिथून "फट-फट" असा कोरडा आवाज येतो आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात, कारण त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपात पेटतं.

तपासणी सोपी आहे. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा, जाड हातमोजा घालून, ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर अर्धवट दाबा आणि जोडांकडे कान द्या. फुसफुस ऐकू आली तर गळती तिथेच आहे. जोडाभोवती काळी काजळी पसरलेली असेल तर तीही खूणच. गॅस्केट नवं घाला. जुनंच उलटं करून बसवू नका. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की पाइप तिरपा बसतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा गळतो.

मग सायलेन्सरच्या पोटाखाली हात फिरवा. गंज बहुधा आतून बाहेर येतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. घर ते बाजार, बाजार ते शाळा अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आत साचतं आणि पत्रा खातं. खालच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं बारीक छिद्र हे पाणी निघून जाण्यासाठीच असतं. "गळतंय" म्हणून वेल्डिंगवाल्याकडून ते बंद करून घेणारे लोक आहेत. तसं करू नका.

सायलेन्सर हलवून पाहिला आणि आत काही खडखडलं तर आतली पडदी किंवा नळी तुटलेली आहे. अशा सायलेन्सरवर बाहेरून वेल्डिंग करून फायदा नाही, तो बदलायचाच.

शेवटी एअर फिल्टरची पेटी बघा. झाकण सैल असेल किंवा कोणी "हवा मोकळी मिळावी" म्हणून छिद्रं पाडली असतील तर सीटखालून घोगरा आवाज येतो आणि तो लोक सायलेन्सरच्या नावावर खपवतात. सैल चेन, टॅपेटचा टकटक आवाज यांचंही तसंच. ७०-८० च्या पुढे हेल्मेटमध्ये जो घोंघावतो तो मुख्यतः वारा असतो; तो कोणत्याही सायलेन्सरने जाणार नाही.

ताकद नेमकी कुठे असते

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडला की जळलेल्या वायूचा जोरदार दाब पाइपातून पुढे सुटतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो, म्हणजे सायलेन्सरची पहिली कोठी सुरू होते, तिथे या लाटेचा काही भाग उलटतो आणि कमी दाबाची लाट होऊन व्हॉल्व्हकडे परत येतो. त्या वेळी एक्झॉस्ट आणि इनटेक (ताजी हवा आत घेणारा) दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतील तर ती लाट उरलासुरला धूर ओढून नेते आणि ताज्या हवेला आत खेचते. आखाजीच्या झोक्याला नेमक्या क्षणी दिलेला धक्का जसा झोका वर नेतो, तसं हे आहे: क्षण चुकला की तोच धक्का झोका थांबवतो. कोणत्या आरपीएमला हा क्षण साधेल ते पाइपच्या लांबीवर ठरतं, आणि कंपनीचे इंजिनिअर ती लांबी बरीच मेहनत घेऊन ठरवतात.

"इंजिनला बॅकप्रेशर, म्हणजे धुराच्या वाटेत अडथळा, लागतंच" असं गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं. इंजिनला अडथळा कधीच नको असतो. उघडा पाइप लावल्यावर खालच्या आरपीएमची ओढ जाते ती लाटेचं हे वेळापत्रक बिघडल्यामुळे आणि कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शन नसलेल्या जुन्या) गाडीत मिश्रण पातळ झाल्यामुळे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्यामुळे. शेतातल्या कच्च्या रस्त्यावर मागे खताची गोणी लादून दुसऱ्या गिअरमध्ये जाणाऱ्याला हीच खालची ओढ हवी असते. बजाजच्या पल्सर-डिस्कव्हरवर बेंड पाइपला जोडलेली छोटी बंद कोठी अनेकांनी पाहिली असेल. ती खालच्या आरपीएमची ओढ वाढवायला दिलेली आहे; फालतू समजून कापू नका.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो: बेंड पाइप कंपनीचाच ठेवा, आणि नव्या सायलेन्सरची पहिली कोठी जुन्याच्या जवळपास त्याच अंतरावर सुरू होते का ते पाहा. मध्ये फूटभर जास्तीचा पाइप जोडावा लागत असेल तर तो सायलेन्सर तुमच्या गाडीचा नाही.

सायलेन्सरच्या आत काय असतं

एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला २५ स्फोट करतं. पत्र्याची छपरं आणि खिडक्यांच्या काचा थरथरवणारा बुलेटचा "धड-धड" तो हाच खालचा स्वर आणि त्याच्या पटींतले स्वर. वरचा चिरका, पत्र्यासारखा आवाज वेगळा. दोन्हींवर इलाज वेगळे आहेत.

चिरक्या आवाजावर ग्लासवूल काम करतं. मधून सरळ जाळीदार नळी, भोवती तंतू भरलेले. वायूला जवळजवळ अडथळा नाही, म्हणून ताकद जात नाही, पण खालची धडधड या पद्धतीने फारशी उतरत नाही. शिवाय तंतू जळतात, उडून जातात आणि काही हजार किलोमीटरनंतर आवाज चढत जातो. असा सायलेन्सर घेतलाच तर तो खोलून पुन्हा भरता येतो का ते आधी विचारा. भरताना नाक-तोंड बांधा, हातमोजे घाला. सायलेन्सरसाठीचंच ग्लासवूल वापरा. भांडी घासायची तार किंवा काथ्या कोंबून दिलेला जुगाड महिन्यात जळून जातो.

धडधडीवर उपाय कोठ्यांचा. पाइपातून वायू एकदम मोठ्या कोठीत गेला की लाट उलटते, पुढे कमी जाते. पाइपच्या तिप्पट व्यासाची एक कोठी, हिशोबाने, तिला अनुकूल स्वरात जास्तीत जास्त १३ डेसिबल उतरवते. "अनुकूल स्वरात" हे महत्त्वाचं. ४०० अंश तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला ५२० मीटरच्या आसपास धावतो, म्हणून १०० हर्ट्झच्या स्वराला पूर्ण अडवणारी एकच कोठी सव्वा मीटरहून लांब लागेल. एवढी जागा कुठल्या मोटारसायकलला नसते. त्यामुळे कंपनी आत दोन-तीन कोठ्या करते आणि नळ्या मागे-पुढे वळवून त्याच लांबीत जास्त वाट बसवते. कंपनीचा सायलेन्सर जड आणि जाड दिसतो तो यामुळे.

बाजारात तोंडात बसवायची "डीबी किलर" नावाची बारीक नळीही मिळते. आवाज ती नक्की उतरवते, पण वायूची वाट अरुंद करून. ४०-५० च्या वेगात काही कळत नाही. वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते. उघडा पाइप आधीच लागलेला असेल तर चार दिवसांची सोय म्हणून ठीक, निवड म्हणून नाही.

सगळ्यांत सोपं माप म्हणजे आतली जागा. टेप घेऊन दुकानात जा. १० सेंटिमीटर व्यासाचा, ४५ लांबीचा सायलेन्सर साधारण साडेतीन लिटरचा भरतो. ८ सेंटिमीटर व्यासाचा, ३० लांबीचा आखूड नळकांडं दीड लिटरचं. ३५० सीसीच्या इंजिनला पहिल्यात दहापट जागा मिळते, दुसऱ्यात जेमतेम चौपट. दुसरा एकतर आवाज करणार किंवा वाट अडवणार. तिसरी शक्यता उरत नाही. आवाज आणि ओढ दोन्ही हवं असेल तर मोठं पोट मान्य करावंच लागतं, दिसायला आखूड सायलेन्सर कितीही छान असो.

दुकानात उभं राहून

बोटाच्या सांध्याने पत्र्यावर ठोका. "टण्ण" असा घंटेसारखा नाद आला तर पत्रा पातळ आणि एकपदरी आहे. तो स्वतःच वाजणार. "थप्प" असा दबका आवाज हवा. मग टॉर्च लावून मागून आत बघा. आरपार दुसऱ्या टोकाचा उजेड दिसला तर आतून सरळ नळी आहे, कोठ्या नाहीत.

जोडाचा व्यास व्हर्निअरने (बारीक माप घेणारी पट्टी) मोजा. बेंड पाइपवर तो घट्ट सरकला पाहिजे. रिंगा आणि पत्र्याच्या पट्ट्या घालून बसवावा लागला की गळती ठरलेली. मागचं तोंड बेंड पाइपपेक्षा थोडं लहान असेल तर चालतं, कारण तिथवर वायू थंड होऊन आकसलेला असतो. सायलेन्सरचा कान (बोल्टने अडकवायची पट्टी) चेसिसच्या मूळ भोकावर, मूळ रबरी बुशासह बसतो का तेही पाहा. वेल्डिंगने नवा कान लावला की कंप थेट चेसिसमध्ये जातात.

किंमत कमी म्हणून क्रोमचा हलका पत्रा घेण्यापेक्षा स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर परवडतो, विशेषतः पावसाळ्यात चिखलाच्या शेतरस्त्याने जाणाऱ्या गाडीला.

बीएस-सिक्स गाडी असेल तर

एप्रिल २०२० नंतर विकलेल्या, म्हणजे बीएस-सिक्स प्रदूषण मानकाच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) असतात. काही मॉडेलांत कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये आहे, काहींत सायलेन्सरच्याच पोटात. सायलेन्सरच्या पोटात असेल तर बाहेरचा सायलेन्सर लावणं म्हणजे कन्व्हर्टर काढून टाकणं. ते बेकायदा आहे आणि पीयूसीत अडकायला होतं. सर्व्हिस सेंटरला तुमच्या मॉडेलचा पार्ट्स कॅटलॉग दाखवायला सांगा. अशा गाडीला कंपनीचाच नवा सायलेन्सर घ्यायचा, दुसरा विचार करायचा नाही.

सेन्सरच्या आधी कुठे गळती राहिली तर बाहेरची हवा आत जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतं. ॲव्हरेज पडतं आणि दोष नव्या सायलेन्सरला मिळतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत प्लगचा रंग बघा: फिकट तपकिरी चांगला, पांढरा पडला तर मिश्रण पातळ, काळी काजळी असेल तर जाड. मूळ सायलेन्सरसारखाच घेतला असेल तर जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) बदलायची वेळ सहसा येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि धुराची मानकं मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र होण्याची तरतूद आहे. बाहेरच्या सायलेन्सरवर "आरटीओ अप्रूव्ह्ड" असं छापलेलं असतं. नुसत्या छापील अक्षरांवर जाऊ नका. तुमच्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेला भाग, पार्ट नंबर आणि बिलासह, हाच रस्त्यावर उभं राहून दाखवता येणारा पुरावा.

आरएक्स-१०० आणि राजदूतवाल्यांसाठी

या दोन्ही जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, आणि टू-स्ट्रोकचं सगळं गणित वेगळं. तिथे सायलेन्सरचं फुगीर पोटच ताकद देतं: परत येणारी लाट बाहेर निघालेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्या पोटाचा आकार बदलू नका, ठोकून सरळ करू नका, कापू नका. आवाज वाढला असेल तर मागून निघणारी आतली जाळीची नळी काढून बघा. ऑइलच्या काजळीने ती बुजलेली नाहीतर जळून अर्धी झालेली असेल. साफ करून किंवा नवी घालून आवाज खाली येतो, आणि बुजलेली असेल तर पिकअपही परत येतो. कॉस्टिक सोडा वापरत असाल तर उघड्या हवेत, रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला तो लागू देऊ नका.

बसवताना आणि नंतर

आधी सगळे बोल्ट हाताने सैल बसवा: हेडचे नट, मधला क्लॅम्प, मागचा कान. सगळं आपोआप एका रेषेत बसलं की हेडकडून सुरुवात करून मागे आवळत या. कान आधी आवळून मग बेंड पाइप ओढून बसवला तर स्टड (हेडमध्ये रोवलेला, नट बसतो तो बोल्ट) ताणाखाली राहतो आणि कधीतरी तुटतो. तुटलेला स्टड हेडमधून काढणं हे सायलेन्सरपेक्षा महागाचं काम आहे. मिस्त्री घाईत असेल तर "जिभाऊ, आधी सगळं हाताने बसू द्या" असं सांगायला संकोच करू नका.

पहिल्यांदा तापताना नवा सायलेन्सर थोडा धुरकट वास सोडतो, ते चालतं. गाडी पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर आणखी एकदा. नवं गॅस्केट दबतं आणि नट सैल होतात.

मग पुन्हा मोजा, त्याच जागी, त्याच फोनवर, त्याच वेळी. ४० ते ७० चा वेळ आधीइतकाच आला आणि आवाज उतरला तर काम झालं. वेळ स्पष्टपणे वाढला असेल, किंवा लळिंगच्या अथवा तोरणमाळच्या ज्या चढावर गाडी नेहमी तिसऱ्यात जायची तिथे दुसरा मागू लागली, तर क्रम असा: आधी गळती, मग जोडाजवळ आत घुसलेली कड किंवा वेल्डिंगचा गोळा, मग एअर फिल्टर आणि प्लग. हे सगळं ठीक असेल तर सायलेन्सरच अरुंद आहे, तो बिलासह परत करा. म्हणून जुना सायलेन्सर त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊ नका. बाहेरून तेलाचा हात फिरवून, तोंडं फडक्याने बंद करून महिनाभर घरात ठेवा.